घर घेण्यापूर्वीं वस्तीची पारख

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या भाषेंत ‘स्थळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे जागा. आणि दुसरा, ज्याच्यावरून लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या घरांत रात्र रात्र खल चालतो तो. दुसऱ्या अर्थाचें स्थळ आलें म्हणजे आपण किती चौकशी करतों हें सांगावयास नको. मुलाचा पगार, त्याचा स्वभाव, आईबापांची वागणूक, घरांतले आजार, चुलत्यांचीं भांडणें. एवढेंच काय, पण दहा वर्षांपूर्वीं त्या घरांत भाड्यानें राहून गेलेल्या बिऱ्हाडकरूलासुद्धां आपण शोधून काढतों. परंतु पहिल्या अर्थाचें स्थळ, म्हणजे ज्या जागेंत आपण जन्माची पुंजी घालणार आणि वीस वर्षें कर्जाचे हप्ते फेडणार, ती जागा मात्र रविवारच्या दोन तासांत पसंत करून मोकळे होतों. नमुन्याचें सजविलेलें घर पाहिलें, सज्जांतून हिरवी टेकडी दिसली, विक्रेत्याच्या माणसानें सरबताचा पेला पुढें केला, आणि मन ठरलें.

‘घर पाहावें बांधून’ असें आपले वाडवडील म्हणत. त्या म्हणण्यांत खर्चाची व दगदगीची धास्ती होती हें खरें. पण घर बांधण्यांत एक सोयहि होती. स्वतः बांधणाऱ्याला पाया खणतांना खालची जमीन दिसे. मुरूम लागला कीं काळी माती, पाणी किती हातांवर आहे, पावसाळ्यांत लोट कोणत्या अंगानें येतात, हें त्याला आपोआप समजे. आतां शहरांत घर सहसा कोणी बांधीत नाहीं. दुसऱ्यानें बांधलेलें, पुष्कळदां तर अजून कागदावरच असलेलें, विकत घेतो. पाया दृष्टीआड आणि वस्ती अनोळखी. म्हणून जें ज्ञान पूर्वीं फुकट मिळत असे, तें आतां मुद्दाम हिंडून मिळवावें लागतें. तें कसें मिळवावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. घराची किंमत, मालकीहक्काचा शोध, कर्जाचा दर यांविषयीं मी बोलणार नाहीं. त्या गोष्टींची काळजी आपले लोक बहुधा घेतातच.

या विषयाकडे माझें लक्ष वळावयास एक निमित्त झालें. पुण्याच्या दक्षिण भागांत माझे एक स्नेही राहत असत. शाळेंत शिक्षक होते, आतां निवृत्त आहेत. निवृत्तीच्या वेळीं पैसे हातीं आले तेव्हां त्यांनीं तळमजल्यावरचें एक टुमदार घर घेतलें. तळमजला अशासाठीं कीं, म्हाताऱ्या आईला जिने चढवत नव्हते. चौकशी त्यांनीं आपल्या मतें कसून केली होती. नळाला पाणी किती वेळ येतें, मंडई किती लांब, गणपतींत ध्वनिक्षेपक कोणत्या बाजूस लागतो, सारें विचारून ठेवलें होतें. घरामागच्या भिंतीपलीकडे एक ओढा होता. उन्हाळ्यांत त्यांत काळ्या पाण्याची एक रेघ तेवढी असे. तिला ते गमतीनें ‘आमची गटारगंगा’ म्हणत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्या ओढ्याचें पाणी अर्ध्या तासांत विजेच्या बटणांपर्यंत चढलें. आईला खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलें म्हणून ती वांचली. चाळीस वर्षांच्या रोजनिशा, वडिलांचीं पत्रें आणि वाजविण्याची पेटी गेली. आठवड्यानंतर मी भेटावयास गेलों, तेव्हां कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला चिखल उपसण्यास हात लावीत होता. तो म्हणाला, “मास्तर, इतकं पाणी कधी आलं नव्हतं हे खरं, पण थोडंफार दोन-चार वर्षांनी येतंच. आमचे वडील तुमच्या दिवाणखान्याच्या जागी म्हशी धूत.” “मग आधी सांगितलं का नाही?” असें मास्तरांनीं विचारलें. तो सरळपणें म्हणाला, “तुम्ही विचारलंच नाही.”

वस्तीची माहिती अशी असते. ती कोणी लपवून ठेवलेली नसते. पण ती कोणी होऊन सांगतहि नाहीं. जाहिरातींत ती नसते, आणि खरेदीखतांत तर नसतेच.

तो ओढा म्हणजे आंबील ओढा. कात्रजच्या बाजूनें येऊन तो मुठेला मिळतो. जुन्या पुण्याच्या इतिहासांत त्याचें नांव वारंवार येतें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत त्याचा प्रवाह शहराबाहेरून वळविण्यांत आला. म्हणजे या ओढ्याशीं पुणेकरांची झटापट अडीचशें वर्षांपेक्षां जुनी आहे. मधल्या काळांत आपण त्याचें पात्र आवळीत गेलों, कांठानें भिंती घातल्या, कोठें वर रस्ते आणले, आणि तो नाला झाला असें मानलें. पाण्याची आठवण मात्र आपल्यापेक्षां पक्की असते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेनें जें पुणें बुडविलें तो प्रसंग जुन्या घराण्यांतून अजून सांगितला जातो, आणि धरणें रोज फुटत नाहींत असें म्हणून आपण स्वतःचें समाधान करून घेतों. परंतु २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या परिसरांत घरांघरांतून पाणी शिरलें, तें कांहीं धरण फुटून नव्हे. खडकवासल्यांतून पाणी सोडावें लागलें, एवढ्यानेंच.

मुंबईचें उदाहरण अधिक बोलकें आहे. २६ जुलै २००५ पासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळीं कुलाब्यास ७५ मिलिमीटरहि पडला नव्हता. एकाच शहराच्या दोन टोकांची ही गोष्ट! तेव्हां ‘मुंबईंत पाणी तुंबतें’ किंवा ‘पुणें सुरक्षित आहे’ या वाक्यांना घर घेणाऱ्याच्या दृष्टीनें कांहीं अर्थ नाहीं. शहराचें नांव पुरत नाहीं, पेठेचें पुरत नाहीं, कित्येकदां गल्लीचेंहि पुरत नाहीं. दादर-परळकडील हिंदमाता भाग बशीसारखा खोलगट आहे. तेथें कमरेइतकें पाणी असतां थोड्या अंतरावर रस्ता कोरडा दिसतो. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यावरून उतरणाऱ्या पाण्याची मिठी नदी होते, हें त्या दिवसापूर्वीं तिच्या कांठच्या किती रहिवाशांना माहीत होतें कोण जाणे! पुष्कळांना ती नदी आहे हेंच ठाऊक नव्हतें.

आतां थोडें गणित. महाराष्ट्रांत नदीच्या दोन्ही अंगांना दोन पूररेषा आंखतात. पंचवीस वर्षांतून सरासरीनें एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथवर पोंचतें ती निळी रेषा. आणि शंभर वर्षांतून सरासरीनें एकदां येणाऱ्या पुराची ती तांबडी. हें ऐकून आपला सुशिक्षित मनुष्य म्हणतो, “शंभर वर्षांत एकदां ना? मग आम्हांला काय त्याचें?” येथें शब्द फसवितात. शंभर वर्षांचा पूर याचा अर्थ एकदां येऊन गेला कीं शंभर वर्षें येणार नाहीं असा नव्हे. दर वर्षीं त्याची शक्यता शंभरांत एक, इतकाच त्याचा अर्थ. शंभर चिठ्ठ्यांच्या मडक्यांत एक काळी चिठ्ठी आहे. दर पावसाळ्यांत एक चिठ्ठी काढावयाची, आणि पाहून पुन्हां मडक्यांत टाकावयाची. अशा वीस पावसाळ्यांत, म्हणजे कर्ज फिटण्याच्या मुदतींत, निदान एकदां काळी चिठ्ठी येण्याची शक्यता शंभरांत अठरा होते. निळ्या रेषेच्या आंतील घराचा असाच हिशेब केला तर ती शंभरांत पंचावन्नाच्या वर जाते. रुपया उडवून छाप येण्याची शक्यतासुद्धां पन्नासच असते! आणि हा हिशेब पाऊस व नदीचें पात्र पूर्वींसारखेंच राहील असें धरून केलेला आहे. पात्र आवळलें, वरच्या अंगाला डोंगर फोडून वस्ती झाली, जमीन सिमेंटानें झाकली, कीं जुन्या पावसाला नवा पूर येतो.

या रेषा जलसंपदा विभाग निश्चित करतो आणि त्या शहराच्या विकास आराखड्यावर दाखविलेल्या असतात. आराखडा पालिकेच्या नगररचना खात्यांत पाहावयास मिळतो. पुष्कळ शहरांचे आतां संगणकावर घरबसल्याहि दिसतात. त्यांत आपला सर्व्हे नंबर शोधून काढावा. कोल्हापुरासारख्या ठिकाणीं तर याहून सोपें साधन आहे. तेथें राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली कीं इशारा आणि ४३ फुटांवर गेली कीं धोका, असे अंक मुलांच्यासुद्धां तोंडीं आहेत. २०१९ सालीं ती ५५ फुटांच्या वर गेली. म्हणून कोल्हापुरांत घर पाहणाऱ्यानें एवढेंच विचारावें, “४३ फुटांना पाणी कुठं असतं, आणि २०१९ ला कुठं होतं?” उत्तर वीतभराच्या अंतरानें बरोबर मिळतें.

कागद पाहून झाले कीं पायीं निघावें. शक्यतों आषाढांत. घर पाहण्यास हिंवाळा निवडणें म्हणजे मुलीच्या गळ्याची परीक्षा ती मुकी असतांना करण्यासारखें आहे. पावसाळा हातीं नसेल तर पावसाच्या खुणा हातीं असतात. जुन्या भिंतींचा रंग कोठवर पोपडला आहे? विजेचे मीटर छातीच्या उंचीवर आहेत कीं कोणीतरी ते मुद्दाम डोक्याच्या वर नेले आहेत? दुकानांचे उंबरे रस्त्यापासून किती पायऱ्या वर आहेत? दुकानदार मनुष्य उगाच चार पायऱ्यांचा खर्च करीत नाहीं. गिऱ्हाइकाला चढावें लागतें हें त्याला कळतें. शेजारच्या जुन्या घराचें जोतें खालीं आणि तुम्हांला दाखविलेल्या नव्या इमारतीचें हातभर वर असेल, तर नव्या इमारतीच्या बांधकऱ्याला कांहीं ठाऊक होतें असें समजावें. आणि तुमच्यानंतर येणारा आणखी हातभर वर चढला म्हणजे तें पाणी तुमच्याकडे वळेल, हेंहि समजावें.

नांवें बोलतात. मुंबईंत धोबी तलाव आहे, तेथें आतां तलाव नाहीं; पायधुनीला खाडी ओलांडून आलेले लोक पाय धूत असत असें सांगतात, तेथें आतां ओलांडावयास खाडी नाहीं. वस्तीच्या नांवांत तळें, ओढा, खार, खाजण, बंधारा असें कांहीं असेल तर तें पाणी कोठें गेलें याची विचारपूस करावी. नव्या वसाहतींचीं नांवें मात्र ऐकूं नयेत. त्यांत नदीचें दर्शन, सरोवराचा किनारा आणि डोंगराची कूस यांचें कौतुक असतें, आणि विचार केला तर तिन्ही इशारे आहेत. जुनीं उपग्रहचित्रें आतां संगणकावर सालवार पाहतां येतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वींचें चित्र काढून आजच्या इमारतीच्या जागीं तेव्हां काय होतें तें पाहावें. शेत असेल तर ठीक. झाडांची एक वांकडी हिरवी रांग असेल, तर ती रांग बहुधा ओढ्याच्या कांठची असते.

आणि विचारावें. इस्त्रीवाला, पानवाला, रिक्षाथांब्यावरचा जुना मनुष्य, दूध घालणारा, पोस्टमन. विचारण्याचीहि एक रीत आहे. “इथं पाणी येतं का?” असें विचारलें तर “नाही हो” असें उत्तर येतें, कारण आपल्या वस्तीला नांव ठेवणें कोणालाच आवडत नाहीं. “मागच्या खेपेला पाणी कुठवर आलं होतं?” असें विचारावें. आलेंच नसेल तर तो गोंधळून तुमच्याकडे पाहील. आलें असेल तर हात वर करून दाखवील.

पाण्याविषयीं मी फार वेळ बोललों, कारण आपल्या शहरांत आपण तेंच फार विसरतों. आतां इमारतीकडे वळूं. जुनी इमारत धोक्याची आणि नवी निर्धोक ही समजूत तितकीशी खरी नाहीं. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ शिळफाट्याला जी इमारत कोसळून ७४ माणसें मेलीं, ती कांहीं महिन्यांतच उभी केलेली होती आणि तिचें काम अजून चालूच होतें. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाडची जी पांच मजली इमारत पडली तिला दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं. तींत १६ जण गेले. उलट शंभरी गांठलेले चिरेबंदी वाडे उभे आहेत. तेव्हां वयापेक्षां पोटांत काय आहे हें महत्त्वाचें, आणि पोटांतलें कागदांवरून थोडेंफार कळतें. बांधकामाचा मंजूर नकाशा व काम सुरू करण्याची परवानगी पाहावी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे पालिकेचें भोगवटा प्रमाणपत्र. ‘सगळे राहतातच कीं’ हें त्या प्रमाणपत्राला उत्तर नव्हे. पूर्ण झालेली इमारत मंजूर नकाशाप्रमाणें आहे व राहण्यास योग्य आहे असें पालिकेनें म्हटल्याचा तोच एक पुरावा असतो. नव्या प्रकल्पाची नोंद महारेरा या प्राधिकरणाकडे असावी लागते. तें प्राधिकरण २०१७ सालीं महाराष्ट्रांत सुरू झालें. त्याच्या संकेतस्थळावर मंजुऱ्या, बदललेल्या तारखा, चालू असलेले दावे हें सारें पाहतां येतें. रचनेंतला दोष ताबा घेतल्यापासून पांच वर्षांत उघड झाला तर तो बांधकऱ्यानें स्वखर्चानें दुरुस्त करून द्यावा, असाहि त्या कायद्यांत नियम आहे. दुसऱ्या हाताचें घर घेतांना इमारतीला तीस वर्षें झालीं असल्यास संरचनेची तपासणी झाली आहे का, हें सोसायटीच्या चिटणीसांना विचारावें आणि अहवाल वाचावयास मागावा. मुंबईच्या पालिका कायद्यांत ही तपासणी बंधनकारक आहे. अहवाल ‘कुठंतरी ठेवलेला आहे’ असें उत्तर आलें तर तळमजल्यावरच्या दुकानांतून एक फेरी मारावी. दुकान मोठें करण्यासाठीं कोणी खांब किंवा भिंत काढली आहे काय, हें साध्या नजरेलाहि दिसतें. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपरला एक चार मजली इमारत पडून १७ माणसें दगावलीं, तेव्हां तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडेच बोट दाखविलें गेलें.

आगीविषयीं थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्रांत २००६ चा आग प्रतिबंधाचा कायदा आहे. त्याप्रमाणें इमारतींतील अग्निशमनाची साधनें चालू स्थितींत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीस व जुलैस घ्यावा लागतो. शेवटचा दाखला कोणत्या महिन्याचा, एवढा एकच प्रश्न विचारला तरी सोसायटीचा कारभार कसा आहे तें कळतें. नंतर जिन्यानें वर चढून जावें. उद्वाहकानें जाऊं नये. जिन्यांत सायकली, जोड्यांचीं कपाटें, मोडके पाळणे यांतून वाट काढावी लागली तर आगीच्या वेळीं धुरांत ती कशी काढणार? बंबाची गाडी गल्लींत वळेल काय, हेंहि पाहावें. यासाठीं तज्ज्ञ लागत नाहीं. कचऱ्याची मोठी गाडी सकाळीं आंत येते कीं नाक्यावरच उभी राहते, तें पाहिलें म्हणजे झालें.

घराच्या भिंतींबाहेर काय आहे याचा विचार तर आपण मुळींच करीत नाहीं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं व पुन्हां २३ मे २०२४ रोजीं रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हां बऱ्याच लांबच्या घरांच्या कांचा फुटल्या. अशा जागीं कारखाना आधीं आला कीं वस्ती, हा वाद वर्तमानपत्रांना सोडून द्यावा. घर घेणाऱ्याला दोहोंमधील अंतर मोजतां आलें पाहिजे. पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्ग लांब उतरत येतो. त्या उतारावर अवजड वाहनें सुटतात आणि पुढच्यांना चिरडतात. २० नोव्हेंबर २०२२ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहींत. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हजारों घरें आहेत. रस्ता पांच मिनिटांवर असणें ही सोय जाहिरातींत ठळक छापतात. मूल शाळेंत जातांना तो ओलांडणार आहे काय, आणि ओलांडणार असेल तर कोठून, हें कोणी छापीत नाहीं. आपल्या मुलाचें बोट धरून एकदां शाळेच्या वेळीं तो रस्ता ओलांडून पाहावा.

आतां चोरीमारीचा विषय. पुष्कळांच्या मतें ‘सुरक्षित वस्ती’ म्हणजे एवढेंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग देशाचे आंकडे प्रसिद्ध करतो. त्यांत मोठ्या शहरांचे आंकडे वेगळे असतात, पण तुमच्या गल्लीचे नसतात. शिवाय जेथें लोक निर्भयपणें फिर्याद देतात तेथें आंकडा वाढतो, आणि जेथें चौकीची पायरी चढावयास लोक भितात तेथें तो लहान दिसतो. म्हणून लहान आंकडा पाहून एकदम आनंद मानूं नये. सर्वोच्च न्यायालयानें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं दिलेल्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकार वगळतां, पोलिसांत नोंदलेला प्रथम खबर अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाण्याचें नांव व तारीख घालून ते चाळतां येतात. दोन-तीन महिन्यांचे अहवाल वाचले कीं त्या भागांत साखळ्या ओढतात, घरें फोडतात, कीं दारूच्या दुकानापाशीं मारामाऱ्या होतात, हें समजतें; आणि कोणत्या वेळीं, तेंहि. याउपर कांहीं हवें असल्यास माहितीच्या अधिकारांत दहा रुपये भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणें २००५ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. जन्माची पुंजी घालणाऱ्यानें तीस दिवस थांबण्यास हरकत नसावी.

तरी या बाबतींत मी कागदांपेक्षां पायांवर अधिक विसंबतों. सकाळीं, भर दुपारीं आणि रात्रीं अकराच्या सुमारास अशा तीन खेपा कराव्या, आणि रात्रींच्या खेपेला घरांतील स्त्रियांचें मत शेवटचें मानावें. पुरुषाला जो रस्ता नुसता शांत वाटतो तो तिला ओसाड वाटतो, आणि बहुधा तीच बरोबर असते. दिवे किती आहेत यापेक्षां किती लागलेले आहेत तें पाहावें. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनें १९६१ सालीं शहरांवर एक ग्रंथ लिहिला. रस्ता पोलिसांपेक्षां त्यावर पडणाऱ्या रहिवाशांच्या नजरेनें सुरक्षित राहतो, हें त्यांतलें प्रतिपादन फार गाजलें. चाळीच्या गॅलरींत वाढलेल्या माणसाला त्यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. तिसऱ्या खोलींतली आजी निवडायला तांदूळ घेऊन बसली असतां अनोळखी मनुष्य जिना चढूं शकत नसे. आजच्या वसाहतींतून उंच भिंत, फाटकावर पहारेकरी, चित्रण करणारीं यंत्रें आणि रस्त्याकडे पाठ केलेल्या खिडक्या असतात. भिंतीच्या आंत ठीक आहे. पण रिक्षांतून उतरून फाटकापर्यंतचीं जीं दोनशें पावलें, तीं कोणाच्या नजरेंत आहेत? रात्रीं अकरा वाजतां तेथें एक औषधांचें दुकान किंवा आइस्क्रीमची गाडी उघडी असणें, हें दहा यंत्रांपेक्षां मला मोलाचें वाटतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोललें पाहिजे. ‘वस्ती चांगली आहे ना?’ या प्रश्नाच्या पोटांत आपल्याकडे पुष्कळदां दुसराच प्रश्न असतो: ‘आपल्यांतलींच माणसें आहेत ना?’ जात, धर्म, खाणेंपिणें यांची चौकशी सुरक्षिततेच्या नांवाखालीं केली जाते, आणि तीच करून सुशिक्षित कुटुंबें निश्चिंत होतात. हें अन्यायाचें आहे. ज्यांना यामुळें दारोदार नकार ऐकावे लागतात त्यांना तें विचारावें. पण आजच्या विषयापुरतें सांगावयाचें तर तें मूर्खपणाचेंहि आहे. माझ्या त्या स्नेह्यांच्या इमारतींतलीं सोळाहि कुटुंबें ‘आपल्यांतलीं’ होतीं. मास्तरांना त्या गोष्टीचें समाधानहि होतें. परंतु सोळाहि कुटुंबें नवीं, म्हणून ओढा काय करतो हें सोळांपैकीं एकालाहि ठाऊक नव्हतें. ज्यांना ठाऊक होतें ते ओढ्यापलीकडच्या वस्तींत राहत. त्या वस्तीचा रस्ता चुकवून जा असें घर दाखविणाऱ्या दलालानें मास्तरांना बजावलें होतें. त्या रात्रीं दोर घेऊन जीं दोन मुलें पाण्यांत उतरलीं, तीं त्याच वस्तींतलीं होतीं. मास्तरांच्या आईची खुर्ची त्यांनींच वर नेली.

इतकी चौकशी करण्यास वेळ कोणाला आहे, असें श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल. हिशेब केला तर ती चार रविवारांची आणि दोन-तीन संध्याकाळांची गोष्ट आहे. फार तर एखादें घर हातचें जाईल. विक्रेते ‘आज सही केली नाही तर उद्यां भाव वाढेल’ असें म्हणतात, आणि कधीं कधीं तो वाढतोहि. तेवढें नुकसान सोसावें. घाई करावयास लावणाऱ्याच्या घराची चौकशी मी दुप्पट करीन.

मास्तरांनीं तें घर पुढें विकलें. विकतांना ओढ्याची हकीकत त्यांनीं घेणाराला स्वतः होऊन सांगितली, म्हणून किंमत बरीच कमी आली. घरांत त्यावरून थोडें बोलणेंहि झालें. नवें घर त्यांनीं सहा महिने हिंडून पाहिलें. शेवटीं एक पसंत पडलें, दुसऱ्या मजल्यावरचें, उद्वाहक असलेलें. आगाऊ रक्कम देण्याचा दिवस ठरला होता, पण पाऊस लागला म्हणून त्यांनीं तो पुढें ढकलला आणि छत्री घेऊन संध्याकाळीं त्या इमारतीपुढें जाऊन उभे राहिले. पाऊण तास उभे होते. पहारेकऱ्याला संशय आला. “कोण पाहिजे, आजोबा?” त्यानें विचारलें. मास्तर म्हणाले, “कोणी नाही, पाणी बघायला आलोय.” त्यानें त्यांना आंत आपल्या खोलींत नेलें, खुर्ची दिली, आणि मग भिंतीपाशीं वांकून घोट्याच्या उंचीवर बोट ठेवलें. “चोवीस साली इथवर,” तो म्हणाला. “वर काही नाही. गाड्या तेवढ्या आदल्या दिवशी टेकाडावर नेऊन लावतो आम्ही.” मास्तरांची गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं रक्कम भरली.